बापाला गेटवे आवडलं तेव्हा

मित्रांनो, आधी गुन्हा कबूल करतो. शिक्षा काय ती तुम्ही नंतर ठरवा.

मी माझ्या बापाची मुंबई नासवली. एकाच दिवसाची होती. चाळीस वर्षांवर उधार राहिलेली होती. ती मी, त्याच्या पोटच्या पोरानं, चार पुस्तकं वाचल्याच्या तोऱ्यात नासवली. आणि नासवताना मला वाटत होतं, आपण काहीतरी क्रांतिकारक करतोय.

उधारीची गोष्ट अशी. माझा आजा मुंबईला गिरणीत होता. त्रासन खात्यात. त्याचा बापही त्रासनातच होता. साच्याच्या खात्यात पगार जास्त, पण जुन्या काळी तिथं आमच्या माणसाला शिरकाव नव्हता. धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला चालत नसे. संपात खांद्याला खांदा चालायचा, धोट्याला तोंड चालायचं नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी पुढाऱ्यांपुढं हाच सवाल ठेवला होता. तर बापामागून पोरगा त्रासनात, असा आजा मुंबईला गेला. एका खोलीत पंधरा-वीस माणसं, पाळीपाळीनं झोपणारी. बायकापोरं इकडं सटाण्याला. दिवाळीला आला की माझ्या बापाला मांडीवर घेऊन सांगायचा, बोरीबंदर म्हणजे राजवाडा आहे, राजाबाई टावर म्हणजे आभाळाला टेकू दिलाय, आणि गेटवेच्या कमानीतून अख्खा समुद्र दिसतो. पुढच्या वर्षी तुला नेतो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. आजा पत्र्याची पेटी घेऊन सटाण्याला परत आला. बाप तेव्हा नऊ वर्षांचा होता. पेटीत मुंबई असेल म्हणून त्यानं उघडून पाहिली. दोन शर्ट, एक चादर आणि बाबासाहेबांचा फोटो.

आज बाप कांदा मार्केटात हमाल आहे. मी दहावी नापास, मालेगावला लूमवर पाळी करतो. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, लायटीखाली. आज्याच्या हाताला सूत होतं, माझ्या हाताला कापड आहे. कापूस तोच.

मालेगावचे लूम शुक्रवारी बंद असतात. तर एका शुक्रवारी आम्ही निघालो. आजी, बाप, माय, धाकटी बहीण आणि मी. रात्रीच मनमाड गाठलं, पहाटेची पंचवटी धरली. मायनं भाकरी, मिरचीचा ठेचा आणि बेसनाच्या वड्या बांधून घेतल्या होत्या. बापानं लग्नात घालायचा शर्ट काढला होता. कसारा घाटात तो खिडकीला नाक लावून बसला होता. नऊ वर्षांचाच दिसत होता.

बोरीबंदरला उतरलो. आजीनं मान वर करून विचारलं, “हाई टेसन शे का देऊळ?”

इथंच माझं सुरू झालं. मी म्हणालो, देऊळ नाही आजी, राणीची ओवाळणी आहे. १८७८ ला काम सुरू केलं, दहा वर्षं चाललं, आणि राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून तिचं नाव दिलं. १९९६ ला नाव बदललं. बाप भिंतीवरची दगडी पानं पाहत होता. पक्षी पाहत होता, माकडं पाहत होता. मी जे सांगत होतो त्यावर त्यानं नुसतं “हूं” केलं.

तिथून चालत ओव्हल मैदानाच्या कडेला आलो. समोर राजाबाई टावर. बापाच्या तोंडून शब्द निघेना. आभाळाला टेकू, आज्यानं सांगितला तसाच. आणि मी पुन्हा चालू. म्हणालो, आबा, हा कापसाचा पैसा आहे. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली. तिथं सुमारे चाळीस लाख काळी माणसं गुलाम होती, कापूस पिकवायचा तो त्यांनी. लढाईत दक्षिणेची बंदरं अडवली, विलायतच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे दलाल रातोरात राजे झाले. त्यातलाच प्रेमचंद रायचंद. त्यानं पैसा दिला. १८६९ ते ७८ काम चाललं. आणि ज्या साहेबानं नकाशा काढला तो मुंबईला एकदाही आला नाही. शेटनं आपल्या आईचं नाव दिलं, राजाबाई.

आजी एवढंच म्हणाली, “मायना नाववर? पोऱ्या गुनी व्हता मंग.”

मला हसू नाही आलं. चीड आली. मी एवढं गुलामांचं रगत सांगतोय आणि ही म्हणते पोऱ्या गुणी होता! तेवढ्यात ती जवळच्या एका मोठ्या इमारतीच्या पायरीवर टेकली. गुडघे दुखत होते तिचे. आतून शिपाई आला. “ए आजी, इथं नाही बसायचं.” ती लगेच उठली. “उठस रे बापा,” म्हणाली, जशी काही चूक तिचीच. माझं डोकं आणखी फिरलं. त्या शिपायाला मी काही बोललो नाही. तेवढी हिंमत नव्हती. तो राग मी जपून गेटवेपर्यंत नेला आणि बापावर काढला. आपण असंच करतो, नाही का? वरचा राग खाली.

गेटवेपाशी बाप थांबला. कमानीखाली गेला, हात मागं बांधून वर पाहत राहिला. मग दगडाला हात लावला. दोन दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवलं. म्हणाला, “काय काम करेल शे! इतला मोठा दगड वर कसा चढाया व्हई?”

आणि मी फुटलो. म्हणालो, कशाचं काम? कुणासाठी? पंचम जॉर्ज आणि त्याची राणी २ डिसेंबर १९११ ला इथं उतरले, त्याची ही कमान. राजा आला तेव्हा ती उभीसुद्धा नव्हती, पुठ्ठ्याचा देखावा होता. खरी कमान उघडली ४ डिसेंबर १९२४ ला. इथं राबली ती माणसं कोण होती, एकाचं तरी नाव आहे का इथं? इंग्रजांची शेवटची पलटण १९४८ ला याच दारातून निघून गेली, आणि आपण अजून इथं येऊन फोटो काढतो! हे सगळं गुलामीचं आहे, आबा. याला चांगलं म्हणायची लाज वाटली पाहिजे.

माझा आवाज चढला होता. शेजारचे लोक बघत होते. बापानं दगडावरचा हात काढला. फोटोसाठी काढलेला मोबाईल खिशात ठेवला. आणि इतक्या हळू म्हणाला, की समुद्राच्या आवाजात मला नीट ऐकूही आलं नाही.

“एक दिन देखू दे ना रे भाऊ.”

त्यानंतर त्यानं काही पाहिलं नाही. आम्ही जेवलो, चर्चगेटपर्यंत चाललो, तो खाली मान घालून चालत होता. ओझं नसलेला हमाल असा चालताना मी पहिल्यांदाच पाहिला.

दोस्तांनो, मी जे बोललो त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तारखा बरोबर होत्या. रगतही बरोबर होतं. मग चुकलं कुठं? बरेच दिवस मी लूमच्या खडखडाटात हाच विचार करतोय. सवाल सोपा नाही. ज्या दगडाच्या मागं कुणाचा तरी घाम आहे, जुलूम आहे, तो दगड सुंदर आहे असं आपण म्हणायचं की नाही? म्हटलं तर मेलेल्यांशी बेइमानी होते का? आणि नाही म्हटलं तर जिवंतांचं काय?

मला याचं उत्तर बाबासाहेबांच्या एका सहलीत सापडलं. होय, सहलीत. १९३४ साल. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० च्या मार्चमध्ये सुरू झालेला, चवदार तळ्याला सात वर्षं झालेली. मार खाल्लेली, खटले झेललेली माणसं. या माणसांना वाटलं, आपण एकदा सगळे मिळून फिरायला जाऊ, आणि बाबासाहेबांनीही यावं. वेरूळची लेणी पाहायची ठरलं. नाशिकहून निघाले, तीसेक जण होते. आपल्या नाशिकहून! बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये हे स्वतः लिहून ठेवलं आहे. वाटेत त्रास नको म्हणून जात न सांगता प्रवास करायचा, असं ठरवावं लागलं.

वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला लागला. पाहायला उतरले. धुळीनं माखलेले होते. दाराबाहेर पाण्यानं भरलेला छोटा हौद, भोवती फरसबंदी. हातपाय धुतले. आणि दारात पोचतात न पोचतात तोच मागून एक म्हातारा ओरडत आला, धेडांनी हौद बाटवला! गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. म्हातारा मुसलमान होता, महिना रमझानचा. रोग हिंदूंच्या घरचा, पण साथ सगळ्या गावाला लागलेली. (हेही सांगतो, माझ्या शेजारच्या लूमवर मुसलमान भाऊ आहे आणि आमचा डबा एक आहे. साथ जाऊ शकते.) शेवटी त्यांना किल्ला पाहू दिला, पण अट घातली, आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. आणि ही अट पाळली जाते का ते बघायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला.

आता डोळ्यांपुढं आणा. डॉक्टर आंबेडकर किल्ला पाहताहेत आणि मागं शिपाई चालतोय. बुरूज पाहा, तटबंदी पाहा, सगळं पाहा, पण तुम्ही कोण आहात ते क्षणभरही विसरू नका. याला पाहणं म्हणत नाहीत. पहारा म्हणतात.

मित्रांनो, त्या दिवशी गेटवेवर मी तो शिपाई झालो होतो. माझ्या हातात बंदूक नव्हती, तारखा होत्या. बाप पाहत होता आणि मी मागून सांगत होतो, आबा, तुम्ही कोण आहात ते विसरू नका. इथं हात लावू नका. हे आपलं नाही.

बाबासाहेबांना ठाऊक नव्हतं का, की किल्ले राजांचे असतात? त्यांच्याहून जास्त इतिहास कुणी वाचला होता? तरी ते आपल्या माणसांना म्हणाले नाहीत, की किल्ला कशाला पाहता, तिथं आपल्याच आज्या-पणज्यांची वेठबिगार असेल. ते बरोबर गेले. कारण निवांतपणे, विनाकारण, नुसतं बघत हिंडणं हाही माणूसपणाचाच हक्क आहे. पाणी पिण्याच्या हक्काइतकाच. आमच्या माणसाला हजार वर्षं गावात कामाशिवाय उभं राहायची मुभा नव्हती. कामाला ये, काम कर, निघ. ‘काय बघतोस रे?’ हा सवाल ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

पण म्हणून हिशेब सोडायचा का? नाही. इथंच गडबड आहे. एक जात गाइडांची. ते राजे सांगतात, साहेब सांगतात, उंची सांगतात, खर्च सांगतात. राबणाऱ्याचं नाव त्यांच्या तोंडात येत नाही. दुसरी जात माझ्यासारख्या अर्ध्या शिकलेल्या शूरांची. आम्ही सगळ्यावर थुंकतो. आणि गंमत बघा, दोघांचं म्हणणं एकच होतं. गाइड म्हणतो गेटवे पंचम जॉर्जचं. मीही म्हणालो पंचम जॉर्जचं. राजाला त्याची कमान मीच परत करून टाकली, फुकटात. आणि माझा बाप, जन्मभर पाठीवर गोणी वाहिलेला माणूस, त्याला तिथं राजा दिसलाच नव्हता. आठवा तो काय म्हणाला. ‘काय काम करेल शे.’ काम! ‘दगड वर कसा चढाया व्हई?’ हा हमालाचा सवाल आहे. तो सांध्यावरून बोट फिरवत होता. दगड फोडणाऱ्याला, घडवणाऱ्याला, दोर ओढणाऱ्याला तो आपल्या पद्धतीनं रामराम करत होता. ज्यांची नावं नाहीत म्हणून मी ओरडत होतो, त्यांचीच त्याला ओळख पटली होती. मीच मध्ये तोंड घातलं.

माझ्या धंद्यातलं सांगतो. माझ्या लूमवर कोरं कापड निघतं. पुढं कुठंतरी ते रंगतं, छापतं, कुणाच्या तरी अंगावर जातं. ती बाई आरशात बघून म्हणते, छान आहे. मला राग येतो का? नाही. बरं वाटतं. मी बारा तास उभा राहिलो ते तिनं नाक मुरडावं म्हणून नाही. राग येतो तो मजुरीचा दर पाडणाऱ्याचा. म्हणजे हिशेब मागायचा तो ज्याच्या वहीत आहे त्याच्याकडं. पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून तो वसूल करायचा नाही. आणि पाहणाऱ्यानंही एवढं करावं, की कुणी हिशेब सांगत असेल तर कान बंद करू नयेत. बापानं केलेच नव्हते. बोरीबंदरला “हूं” म्हणाला होता. राजाबाईपाशी सगळं ऐकून घेतलं होतं.

राजाबाईचं तर माझं मलाच नीट कळलं नव्हतं. तो मनोरा उभा राहत होता त्याच काळात, १८७३ साली, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि अर्पण केली कुणाला, तर अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या भल्या माणसांना. म्हणजे त्याच लढाईचा नफा एकानं दगडात बांधला आणि दुसऱ्यानं त्याच लढाईची माणुसकी पुस्तकात बांधली. पुढं त्याच अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव घेऊन १९७२ ला मुंबईत आपली पोरं उभी राहिली. एका मनोऱ्याखाली एवढं सगळं आहे. हे मी बापाला सांगितलं असतं तर त्यानं मान खाली घातली नसती. ताठ केली असती. मी त्याला फक्त रगत सांगितलं, सुटका सांगितली नाही.

आणि भीमा कोरेगावचा स्तंभ? तो कुणी बांधला? कंपनी सरकारनं, आपल्या विजयासाठी. पण त्यावर नावापुढं ‘नाक’ लागलेली माणसं कोरलेली आहेत, बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले, आणि आज तो कंपनीचा राहिलेला नाही. दगड ज्यानं बांधून घेतला त्याच्याकडंच कायम राहतो असं नाही. जो येऊन उभा राहतो, हात लावतो, त्याच्याकडंही तो हळूहळू जातो. आमच्या बागलाणात साल्हेर आहे. २०२५ ला जागतिक वारशाच्या यादीत गेला. सटाण्यात देवमामलेदारांचं देऊळ आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटून टाकणारा मामलेदार, त्याचं देऊळ. लोकांना कशाचं देऊळ बांधावंसं वाटतं ते बघा. आजी राजाबाईच्या पोराला गुणी म्हणाली ते याच मापानं. पैसा कुठून आला हे माझं माप, आणि माणसानं कुणाची आठवण ठेवली हे तिचं. दोन्ही मापं लागतात.

आता त्या दिवसाचं उरलेलं सांगतो आणि थांबतो. चर्चगेटहून दादरची गाडी पकडली. महालक्ष्मी गेलं तेव्हा बापानं पहिल्यांदा तोंड उघडलं. “आबानी गिरणी कोठे व्हती?” माझ्याकडं सगळ्या राजांच्या तारखा होत्या. याचं उत्तर नव्हतं. मी अंदाजानं बोट दाखवलं. तिथं काचेची इमारत होती. तिच्यावर ना आज्याचं नाव, ना त्याच्या खात्याचं, ना संपाचं. बापानं वाकून, मान वाकडी करून, ती गाडीआड जाईपर्यंत पाहिली. म्हणाला, “उंच शे.” बस, एवढंच. शिवी नाही, हाय नाही. मला त्या दोन शब्दांनी जेवढं शिकवलं तेवढं पुस्तकांनी नाही.

चैत्यभूमीला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. आजीनं फुलं वाहिली आणि बाहेर येऊन वाळूत बसली. पाय पसरून. तिला कुणी उठवलं नाही. बाप पँट गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्रात गेला. तोंड धुतलं, हात धुतले, पाय धुतले. मी मागं उभा होतो. तोंडावर आलं होतं सांगावं, आबा, १९३४ ला दौलताबादला... नाही सांगितलं. त्याला पाणी पाहू दिलं.

परतीच्या गाडीत, इगतपुरी गेल्यावर, त्यानंच विचारलं, “तू गेटवेवर काय सांगत होतास, राजा पुठ्ठ्याच्या कमानीतून आला?” मी सांगितलं. तो खूप हसला. माय हसली, बहीण हसली. मग म्हणाला, पुढच्या वेळी वेरूळ. तिथं डोंगर वरून खाली कोरत आणलाय म्हणतात, ते काम पाहायचंय. वाटेत तो दौलताबादही.

जाणार आहोत. मी बरोबर असेन. मागं नाही, शेजारी. विचारलं तर सगळं सांगेन, न वगळता. नाही विचारलं तर त्याच्याबरोबर मान वर करून पाहीन.

शिक्षा काय ती कळवा.